उत्तर साडेसात आले, पुढे काय?

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात माझ्या आत्याची नात दहावीला आहे. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असल्यामुळे तिचा अभ्यास रात्री आठनंतर सुरू होतो. त्या दिवशी भिंगांचा पाठ होता. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून तिने व्हिडिओ पाहिला, सगळे समजल्यासारखे वाटले, म्हणून वहीत उदाहरण घेतले: वस्तू बहिर्वक्र भिंगापासून ३० सेंमीवर, नाभीय अंतर १० सेंमी, तर प्रतिमा कोठे मिळेल? तिचे उत्तर आले ७.५ सेंमी, पुस्तकातले होते १५. चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर ऋण धरायचे असते, ते तिने धन धरले होते, चूक एवढीच. पण "मला हे जमंनाच" म्हणत तिने अंगठा सरकवला आणि पुढची वीस मिनिटे रील पाहण्यात गेली.

या 'जमंनाच'चा अभ्यास मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी अनेक वर्षे केला आहे. क्लॉडिया म्युलर यांच्यासह १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' आणि काहींना 'तू मेहनत घेतलीस' अशी शाबासकी मिळाली. नंतरची अवघड कोडी अडल्यावर पहिल्या गटातील मुलांची चिकाटी आणि कामगिरी दोन्ही घसरली, कारण हुशारी हा जन्मजात ठेवा मानला की प्रत्येक चूक तो ठेवा नसल्याचा पुरावा वाटू लागते.

वर्गात गणित अडले तरी विद्यार्थी बाकावरून उठून जात नाही. मोबाइलवर मात्र तीच अडचण आणि करमणूक यांच्यात बोटभराचेही अंतर नसते. शालेय शिक्षणाची स्थिती मोजणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले होते.

व्हिडिओतली अस्खलित मांडणी आणखी एक फसवणूक करते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. आठवताना होणारा त्रास हेच शिकणे असते. ज्याला तो त्रास आपल्या 'ढ'पणाची खूण वाटतो, तो साहजिकच पुन्हा व्हिडिओकडे वळतो.

ॲप बनवणारे यावर नाणी आणि बिल्ले वाटतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्येच दाखवले होते की कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांची, पैसे थांबल्यावर, त्या कोड्यांतली गोडी कमी झाली. डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते टिकाऊ प्रेरणेला स्वतः निवडण्याची मोकळीक, जमते आहे ही जाणीव आणि आपलेपणा लागतो.

मात्र 'मानसिकता बदला, सगळे बदलेल' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. अमेरिकेत सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुद्धी वाढवता येते हे सांगणाऱ्या, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन उपक्रमाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे सरासरी गुण वाढले, पण सुमारे चार गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम ०.१ ने; सोबतच्या मुलांना आव्हानाची आवड असेल तेथे फायदा अधिक दिसला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, रिचार्ज संपलेला आणि वीज गेलेली असताना मुलाच्या मनोवृत्तीला दोष देणे अन्यायाचे आहे.

आत्याच्या नातीची वही दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रिणीने पाहिली आणि म्हणाली, "अगं, उणे विसरलीस की." रात्री फोन हातात येण्याआधीच तिने उदाहरण पुन्हा सोडवले, १५ आले. मग कोणी सांगितले नसताना वस्तू २० सेंमीवर ठेवून पाहिली; प्रतिमाही २० सेंमीवरच आली, म्हणून आपलेच काही चुकले का, हे तपासायला तिने व्हिडिओ उघडला.