क्लेरिक म्हणजे नुसता मलमपट्टीवाला?

बेळगावच्या टिळकवाडीत पावसाळ्यातल्या रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाचा डाव बसला की उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात क्लेरिक, म्हणजे मंत्र चालवणारा पुजारी, पडतो. ‘बरं करणारा कुणीतरी हवाच की!’

समज जुना, आणि कधीकाळी बरोबरही. १९७४ च्या पहिल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्रांचे वर्ग तीनच होते आणि जखमा भरायचे मंत्र एकट्या क्लेरिककडे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र बार्ड, ड्रुइड, पॅलाडिन, रेंजर या इतर वर्गांकडेही ते आहेत. तासभर विश्रांती घेतली की ज्याचा तो फासे टाकून सावरतो.

उलट क्लेरिक चिलखत चढवतो आणि पाचव्या पातळीपासून ‘स्पिरिट गार्डियन्स’ हा भोवतालच्या शत्रूंना इजा करणारा मंत्र लावून थेट शत्रूंच्या घोळक्यात शिरतो. ज्या शत्रूचा फासा टाकून केलेला बचाव फसला, त्याला आठ बाजूंच्या तीन फाशांएवढी इजा. बचाव साधला तरी निम्मी. खानापूरच्या आमच्या भाच्याने हे केलं, तेव्हा फायटर, म्हणजे लढवय्या, घेतलेला खेळाडू कुंदा खात बसला होता.