कामगंध लावलाय, पण मोजायला की भुलवायला?

सफरचंदाच्या बागेत ‘आम्ही कामगंध लावलाय’ असं कुणी म्हणालं, तर हा प्रश्न विचारावाच लागतो. फळ पोखरणारी अळी कॉडलिंग मॉथ या पतंगाची. मादी ज्या गंधाने, म्हणजे कामगंधाने, नराला बोलावते त्याचा मुख्य घटक कोडलेमोन, तो 1971 मध्ये ओळखला गेला. नर मोजायच्या सापळ्यातही तोच आणि बागभर वास पसरून नराला भुलवायच्या संभ्रम पद्धतीतही तोच, म्हणून घोळ होतो.

सापळ्यात साधारण 1 मिलिग्रॅमची ल्यूर, म्हणजे गंधाचं आमिष, आणि खाली चिकट तळ असतो. नर चिकटतात, आपण ते मोजतो. त्याने कीड आटोक्यात येत नाही. उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळा फक्त वेळ सांगतो. नर नियमित सापडू लागले की तिथून रोजच्या तापमानाचा हिशेब धरून अंडी कधी फुटणार ते काढायचं आणि तेव्हाच फवारायचं. काय फवारता, यावर मित्रकीटकांचं भवितव्य ठरतं. ग्रॅन्युलोव्हायरस हा विषाणू अळीच्या पोटात जाऊन तिलाच मारतो, मधमाशीला त्याचं काही नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं रासायनिक कीटकनाशक मात्र अनेक मित्रकीटकांचाही बळी घेतं. लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी मेले की पानांचा रस शोषणाऱ्या या लाल कोळ्याला रान मोकळं! असं दुखणं आपणच ओढवून घेतो.

संभ्रमात गंधाच्या नळ्या झाडांच्या वरच्या भागात टांगतात, काही प्रकारांत हेक्टरी 1000 पर्यंत, आणि त्याही पतंग उडू लागण्याआधी. सगळीकडून वास आल्यावर नराला मादी सापडत नाही. मरत कुणीच नाही. फवारण्या घटल्याने लोकरी मावा या रसशोषक किडीत अंडी घालणारी आफेलिनस माली ही चिमुकली गांधीलमाशी टिकते. पण बाग लहान असेल तर शेजारून आधीच मिलन झालेल्या माद्या येतात, आणि पतंग फार झाले तर नर-मादी गंधाविनाही भेटतात. शिवाय पूर्वीच्या फवारण्यांच्या विषाने दबलेल्या पानं गुंडाळणाऱ्या अळ्या डोकं वर काढू शकतात.

खरी फसगत दोन्ही एकत्र असताना होते. संभ्रमाच्या बागेत साधा सापळा रिकामा राहतो आणि माणूस निश्चिंत होतो. तिथे 10 मिलिग्रॅमची किंवा माद्यांनाही ओढणारी, नासपतीच्या वासाची ल्यूर लागते. तरीही दर आठवड्याला फळं हातात घेऊन बघायची: छिद्राच्या तोंडाशी भुसा दिसला, तर अळी आत शिरलेली आहे, सापळा काहीही सांगो.