मिठावर अडलेलं वजन

‘दोन-अडीच किलो झालं की बंद करू.’ पोटावर शीची वाट काढलेल्या तान्ह्या बाळाच्या आईबापांना हे बहुतेक वेळा सांगितलं जातं. मग घरात सगळ्यांचं लक्ष काट्याकडे. पण छोटं आतडं पोटाबाहेर उघडत असेल, तर वजन दुधाइतकंच मिठावरही अडतं. हे घरच्यांना फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याचा भाग सडतो (डॉक्टर त्याला ‘एनईसी’ म्हणतात), तेव्हा तो कापून वरचं टोक पोटावर आणतात. हाच स्टोमा. तो लगेच बंद करत नाहीत, कारण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आतड्याची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. शिवाय बरं होताना खालचं आतडं, विशेषतः मोठं, कुठे कुठे आकसतं. म्हणून जोडण्याआधी त्यात औषध सोडून एक्स-रे काढतात. सहा ते आठ आठवडे थांबण्याची पद्धत यातूनच आली. मात्र नेमका मुहूर्त कोणता, यावर सर्जन मंडळींचं आजही एकमत नाही.

आता मीठ. छोट्या आतड्यातून बाहेर पडणाऱ्या पातळ शीत लिटरमागे साधारण 100 मिलिमोल (हे मोजण्याचं एक माप) सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, असतं. एरवी मोठं आतडं ते जवळजवळ सगळं परत शोषून घेतं, पण इथे शी तिथवर पोहोचतच नाही. दोन किलोच्या बाळाच्या स्टोमावर लावलेल्या पिशवीत दिवसाला 60 मिली जमलं, तर 6 मिलिमोल गेलं. आईचं दूध 300 मिली प्यायलं, तर त्यातून मिळतं जेमतेम 2. रोजचा हा तोटा किडनीला कळतो. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, आणि किडनी लघवीतलं सोडियम परत ओढून घेते, बदल्यात पोटॅशियम सोडते. त्यामुळे रक्तातलं सोडियम कित्येकदा ठीक दिसतं. रिपोर्ट नॉर्मल, दूध पोटभर, तरी बाळ वाढत नाही! नव्या पेशींभोवतीच्या पाण्यालाही सोडियम लागतं. ते नसेल तर नुसत्या कॅलरी पुरत नाहीत. खरी बातमी लघवीत सापडते: तिथलं सोडियम लिटरमागे 20 मिलिमोलच्या खाली गेलं, तर तुटवड्याची दाट शंका घ्यावी. फार लवकर जन्मलेल्या बाळाची किडनी मात्र मीठ धरून ठेवण्यात कच्ची असते, तिथे हाच आकडा फसवतो.

म्हणजे ‘वजन वाढलं की बंद करू’ यात एक भोवरा आहे. स्टोमामुळे वजन वाढत नाही आणि वजन नाही म्हणून स्टोमा राहतो. सोडियम भरून दिलं की कित्येक बाळांचं वजन चढू लागतं. काही ठिकाणी पिशवीतली शी खालच्या टोकातून पुन्हा आत सोडतात. तेवढं मीठ-पाणी वाचतं आणि रिकामं पडलेलं आतडंही कामाला लागतं.

शीची जागाच न घेऊन जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं. त्याचा स्टोमा मोठ्या आतड्यावर असतो, मिठाची गळती कमी. तिथे नवी जागा तयार केल्यावर ती सळ्यांनी रोज थोडी रुंद करतात. वयाला हवी तेवढी झाली, की स्टोमा बंद. अशा बाळाच्या आईला ‘ग्रहणात काही चिरलंस का?’ असं अजूनही विचारतात. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्या प्रश्नाने बाळंतीण खचते, आणि ते मला फार लागतं.

पुढच्या तपासणीला वजनाबरोबर लघवीतलं सोडियम किती, हेही विचारा. घरी दुधात मीठ मात्र कालवू नका. चिमूटभर जास्त झालं तरी तान्ह्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. किती द्यायचं ते डॉक्टर मोजून ठरवतात.