पार्श्वभूमी : ‘वैयक्तिक टीका नको’ हा नियम आला कुठून?

ऑनलाइन तात्त्विक चर्चेतून एखादा प्रतिसाद उडवला जातो तेव्हा कारण बहुधा दोनच शब्दांचं असतं : ‘वैयक्तिक टीका’. ज्याचा प्रतिसाद गेला तो म्हणतो, मी मुद्द्यावरच बोलत होतो. ज्याला उद्देशून तो लिहिला होता त्याला तो झोंबलेला असतो. चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने काहीही केलं तरी एक बाजू त्याला पक्षपाती ठरवणारच. अशा तंट्यांचं खापर सहसा माणसांच्या स्वभावावर फोडलं जातं, पण त्यातला मोठा वाटा एका शब्दाचा आहे. हा शब्द तर्कशास्त्रातून उसना आला, वाटेत त्याचा अर्थ पालटला, आणि नियम लिहिणाऱ्यांनी त्याचे जुने-नवे सगळे अर्थ एकाच पोत्यात भरले.

मूळ संज्ञा लॅटिन : ‘ॲड होमिनेम’, म्हणजे माणसाला धरून केलेला युक्तिवाद. १६९० सालच्या एका इंग्रजी तत्त्वज्ञानग्रंथात समोरच्याला गप्प करण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत, त्यांतली ही तिसरी. हे नाव आधीपासून रूढ आहे, असं ग्रंथकर्ता स्वतःच नोंदवतो. त्याने दिलेला अर्थ आजच्या वाचकाला चकित करणारा आहे : समोरच्याने स्वतः मान्य केलेल्या तत्त्वांतून निष्कर्ष काढून त्यालाच पेचात धरणं. त्यात शिवीगाळ नाही आणि चारित्र्यावर शिंतोडेही नाहीत. ग्रंथकर्त्याची हरकत वेगळीच आहे. मी चुकीच्या वाटेवर आहे हे तू दाखवलंस, म्हणून तुझी वाट बरोबर ठरत नाही, एवढंच तो म्हणतो. म्हणजे या रीतीने सत्य हाती लागत नसलं, तरी समोरच्याची विसंगती उघडी पडते, आणि तत्त्वचर्चेत तेवढं कामही लहान नाही.

१८२६ च्या एका तर्कशास्त्राच्या पुस्तकात याचं शिकाऱ्याचं उदाहरण आहे. गंमत म्हणून मुक्या प्राण्यांचा जीव घेतोस, असा आरोप झाल्यावर शिकारी विचारतो, मग तुम्ही मांस का खाता? या उत्तराने शिकार योग्य ठरत नाही, पण आरोप करणारा मात्र अडकतो. लेखकाच्या मते अशा युक्तिवादाची मर्यादा ओळखून तो वापरला, तर त्यात गैर काही नाही. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पाठ्यपुस्तकांनी ही मर्यादेची गोष्ट गाळली. उरली ती ‘तर्कदोष’ या शीर्षकाखालची यादी, आणि तीत शिवी देणं, समोरच्याचा स्वार्थ दाखवणं आणि ‘तूही तसाच’ म्हणणं हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी बसले. १९७० साली एका ऑस्ट्रेलियन तर्कशास्त्रज्ञाने तर्कदोषांच्या या साचेबंद मांडणीवर कडक टीका केली. विद्यापीठांत तिची दखल घेतली गेली, पण नियमावल्या लिहिणाऱ्यांपर्यंत ती पोचली नाही.

या गुंत्याचं पुढे काय होतं ते एका कल्पित प्रसंगावरून पाहू. इच्छास्वातंत्र्यावर चर्चा चालू आहे. एकजण लिहितो, ‘माणूस आपल्या कृतीला जबाबदार नाही असं तुम्ही आज म्हणता, पण मागच्या आठवड्यात शिक्षेचं समर्थन तुम्हीच केलं होतंत. दोन्ही कसं जमतं?’ दुसरा लिहितो, ‘आपला अभ्यास तोकडा आहे असं मी म्हणणार नाही, पण हा विषय सगळ्यांना झेपतोच असं नाही.’ पहिल्यात ‘तुम्ही’ आहे, जुनं बोलणं उकरून काढलं आहे, सूर चढा आहे, म्हणून तो जातो. दुसरा नम्र भाषेत आहे, म्हणून राहतो. खरं तर १६९० च्या अर्थाने पहिला प्रश्न रास्त आहे, आणि दुसऱ्यात मुद्दा शोधूनही सापडत नाही. माझ्या मते ऑनलाइन तत्त्वचर्चेतला सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो. रागावून लिहिलेला खरा मुद्दा पुसला जातो आणि गोड शब्दांतली हेटाळणी टिकते, आणि हे सगळं नियम प्रामाणिकपणे पाळूनही होतं.

हेटाळणीचा आणखी एक प्रकार आहे. १८६४ साली एका इंग्रज पाद्री-कादंबरीकाराने लिहिलं की, सत्य हा सत्य म्हणून कधीच कॅथलिक पुरोहितांचा गुण नव्हता. ज्या पुरोहिताला हे लागलं त्याने या वाक्याला ‘विहिरीत विष कालवणं’ म्हटलं. आता मी काहीही उत्तर दिलं तरी लोक ते आधीच खोटं धरून वाचणार, ही त्याची तक्रार होती. शिवीने माणूस दुखावतो. इथे त्याचं पुढचं प्रत्येक वाक्य निकामी होतं.

भारतीय वादशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या टोकाने धरला होता. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. हरल्याची लक्षणं, म्हणजे निग्रहस्थानं, बावीस मोजली आहेत, आणि त्यांत अपशब्दासाठी वेगळं कलम नाही. पण ‘मतानुज्ञा’ आहे : आपल्यावरचा दोष न खोडता ‘तो दोष तुमच्यातही आहे’ म्हणणारा आपला दोष कबूल करून बसतो, म्हणून तो हरतो. त्याचं वाक्य कोणी पुसत नाही. ते सभेसमोर राहतं आणि त्याच्याच अंगावर येतं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘निरनुयोज्यानुयोग’, म्हणजे दोष नसताना दोषाचा आरोप करणं. तसा आरोप करणाराच पराभूत ठरतो. ‘ही वैयक्तिक टीका आहे’ अशी खोटी ओरड करणाऱ्याला आज काहीच मोजावं लागत नाही. तिथे लागत असे. आणि प्रतिपक्षाची चूक पकडायची राहून गेली, तर तेही निग्रहस्थानच. ते मात्र भाष्यकारांच्या मते सभेने सांगायचं, कारण चूक करणारा आपलं उणं आपल्या तोंडाने कसा सांगणार?

अर्थात तिथेही सगळं निर्मळ नव्हतं. कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे सत्याच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा चालतील, असं सूत्रच सांगतं. सातव्या शतकातल्या एका बौद्ध आचार्याने त्याला विरोध केला आणि निग्रहाची कारणं दोनवर आणली. बौद्ध भिक्षू आणि यवन (म्हणजे ग्रीक) राजा यांच्या प्रसिद्ध संवादात तर भिक्षूने आधी अटच घातली : पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं असेल तर नको. पंडिताचं म्हणणं खोडलं तर तो रागावत नाही, राजा मात्र दंड करतो. स्वतः चर्चेत उतरणाऱ्या प्रत्येक नियामकाला ही अट लागू पडते.

संगणकजाळ्यांवर ही सभाच नव्हती. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या युजनेटवर, म्हणजे विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावर, आधी कोणीही काहीही लिहावं अशी रीत होती. त्या दशकाच्या मध्यात नियंत्रित गट आले. संदेश आधी नियामकाकडे जायचा आणि त्याने सोडला तरच सगळ्यांना दिसायचा. १९८७ च्या फेरमांडणीत गटांच्या सात मुख्य शाखा झाल्या. तत्त्वज्ञान एका शाखेत मावलं नाही. तांत्रिक तत्त्वज्ञान विज्ञानाच्या शाखेत गेलं, आणि मोकळी चर्चा ‘टॉक’ या वादग्रस्त विषयांच्या शाखेत. भांडण कुठे होणार हे जणू पत्त्यावरच लिहिलेलं होतं. १९९५ च्या इंटरनेट शिष्टाचार-मार्गदर्शिकेत डिवचलं गेलात तरी तापलेले संदेश पाठवू नका, असा सल्ला आहे. नियमनाचा रोख तापमानाकडे वळला तो तेव्हापासून, असं मला वाटतं. प्रस्तुत काय आणि अप्रस्तुत काय, हे ठरवणं कष्टाचं होतं. तापमान कोणालाही कळतं.

कायद्यानेही हा कल पक्का केला. अमेरिकेत १९९१ च्या एका निकालाने इतरांनी लिहिलेला मजकूर न चाळणाऱ्या ऑनलाइन सेवेला त्या मजकुराच्या जबाबदारीतून सोडलं, आणि १९९५ च्या दुसऱ्या निकालाने चाळणाऱ्या सेवेला प्रकाशकाइतकं जबाबदार धरलं. म्हणजे जो लक्ष घालेल तोच अडकेल. १९९६ च्या कायद्याने ही उलटी शिक्षा काढली आणि आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सद्हेतूने काढायला संरक्षण दिलं. निर्णयाचं कारण सांगण्याची सक्ती मात्र त्यात नाही. मजकूर का काढला हे लिहिणाऱ्याला कळवण्याचं बंधन युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याने घातलं, आणि तो पूर्णपणे लागू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

मधल्या काळात सर्वांत जास्त पसरलं ते २००१ साली सुरू झालेल्या एका मुक्त ज्ञानकोशाचं सूत्र : मजकुरावर बोला, लिहिणाऱ्यावर नको. ज्ञानकोशाला ते शोभतं, कारण तिथे लेखकाने बाजूला राहायचंच असतं. तत्त्वचर्चेत माणूस आपली भूमिका घेऊन उभा असतो, आणि त्या भूमिकेची त्याच्याच दुसऱ्या भूमिकेशी सांगड घालून पाहणं हा चर्चेचाच भाग आहे. १९८४ साली आम्स्टरडॅमच्या दोन अभ्यासकांनी यावर चांगला तोडगा मांडायला सुरुवात केली होती. वैयक्तिक हल्ल्याचा दोष त्यांनी तर्काच्या चुकीत न शोधता समोरच्याचा बोलण्याचा किंवा शंका घेण्याचा हक्क हिरावण्यात शोधला. या कसोटीवर इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेतला तो प्रश्न निर्दोष सुटतो आणि विहिरीतलं विष अडकतं. पुढे २००७ च्या एका पुस्तकाने दाखवलं की, बोलणारा कोण यावरून त्याच्या शब्दाला कमी विश्वास मिळतो आणि तो स्वतंत्र अन्याय आहे. तेव्हापासून ‘तुमच्या स्थानावरून तुम्हाला हे दिसत नाही’ हे वाक्य युक्तिवाद की हल्ला, यावर चांगले नियामकही आपसांत भांडतात. मला वाटतं, पुढे कारण दिलं असेल तर तो युक्तिवाद आहे, आणि तिथेच बोलणं संपवलं असेल तर हल्ला.

२०१७ साली त्याच ज्ञानकोशाच्या चर्चापानांवरचे एक लाखाहून अधिक अभिप्राय माणसांकडून तपासून घेतले गेले आणि त्यांवर यंत्राला वैयक्तिक हल्ला ओळखायला शिकवलं गेलं. बहुतांश हल्ले मूठभर उपद्रवी लोकांचे नव्हते, आणि नोंदणी न केलेल्यांना लिहू दिल्याचा तो मुख्यतः परिणामही नव्हता, असं त्यातून दिसलं. तपासणाऱ्यांपुढचे पर्याय असे होते : हल्ला समोरच्यावर आहे, तिसऱ्यावर आहे, दुसऱ्याचा उद्धृत केलेला आहे, वेगळ्या प्रकारचा आहे, की नाहीच. त्या वाक्याचा चालू मुद्द्याशी संबंध आहे का, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.