शोधाधारित अध्यापन

शोधाधारित अध्यापन : एखादा प्रश्न किंवा अडचण वर्गापुढे ठेवून विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निरीक्षणातून, मोजमापातून, प्रयोगांतून आणि आपसांतील वादातून उत्तरापर्यंत यावे, अशी योजना असलेली शालेय अध्यापनपद्धती. अध्ययनाच्या बाजूने पाहिल्यास तिला शोधाधारित किंवा पृच्छाधारित अध्ययन म्हणतात. वर्गात प्रश्न विचारले जाणे एवढे तिचे लक्षण नव्हे. प्रश्नोत्तर पद्धतीत शिक्षक तासभर प्रश्नच विचारत असतो. उत्तर बरोबर की चूक याचा निवाडा कोण करतो, शिक्षक व पाठ्यपुस्तक की वर्गाने जमवलेला पुरावा, यावरून ही पद्धती ओळखावी. प्रस्तुत नोंदीत हीच कसोटी लावली असून वर्गातील उदाहरणे नाशिक जिल्ह्याच्या परिसरातून घेतली आहेत.

संज्ञा : मराठीत या पद्धतीला एकच नाव रूढ नाही. अध्यापक विद्यालयांच्या पुस्तकांत ‘स्वयंशोधन पद्धती’ हा शब्द जुना. तो ‘ह्यूरिस्टिक’ या संज्ञेसाठी योजला गेला. ‘अन्वेषण’ हा शब्दही आढळतो. ‘पृच्छा’ हा ‘इन्क्वायरी’चा सरळ पर्याय खरा, परंतु मराठीत पृच्छा दुसऱ्याकडे करायची असते, वस्तूकडे नव्हे. ‘चौकशी’ हा रोजच्या वापरातला शब्द. मात्र शिक्षकांच्या बोलण्यात ‘चौकशी लागली’ याचा अर्थ इतका वेगळा आहे की तो स्वीकारला जाणे कठीण. ‘जिज्ञासा’ ही मनाची अवस्था आहे, पद्धती नव्हे. ‘शोध’ या शब्दाला ‘शोध लागणे’ व ‘शोध घेणे’ असे दोन पदर आहेत. पहिला फळ दाखवतो, दुसरा खटपट. वर्गात दुसऱ्यालाच महत्त्व असल्याने ‘शोधाधारित’ ही संज्ञा त्यातल्या त्यात योग्य दिसते.

इतिहास : या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबद्दल मतभेद आहेत. भारतीय परंपरेत तिची मुळे पाहणारे अभ्यासक सामान्यतः तीन आधार देतात. पहिला भगवद्‌गीतेतील (४.३४) ‘परिप्रश्न’, म्हणजे पुन्हापुन्हा विचारणे, पण तेथे तो प्रणिपात व सेवा यांच्या जोडीने येतो आणि उत्तर तत्त्वदर्शी ज्ञानी देतात. दुसरा प्रश्नोपनिषदाचा. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषीकडे येतात, तो त्यांना एक वर्ष तप व ब्रह्मचर्य पाळून राहायला सांगतो आणि मग ‘आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू’ असे म्हणतो. गुरूने आपल्या ज्ञानाला ‘असेल तर’ ही अट घालावी हे लक्षणीय आहे. तरीही पुढे सांगणारा तोच आहे. तिसरा आधार छांदोग्योपनिषदातील (६.१२–१३) असून तो सर्वांत बळकट म्हणावा लागेल. उद्दालक ऋषी आपला मुलगा श्वेतकेतू याला वडाचे फळ आणायला, फोडायला, आतले बी पुन्हा फोडायला सांगतो आणि काय दिसते ते विचारतो. पुढे रात्री पाण्यात मीठ टाकायला लावून सकाळी ते पाणी वरून, मधून व तळातून चाखायला देतो. येथे शिष्याचे हात आणि जीभ दोन्ही कामाला लागतात. परंतु काय सिद्ध व्हायचे आहे हे उद्दालकाने आधीच ठरवलेले आहे; पाणी तळाशी अधिक खारट लागले असते तर काय, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. त्यामुळे हा प्रसंग आजच्या वर्गीकरणात शोधापेक्षा दिग्दर्शनाकडे, म्हणजे ठरलेली गोष्ट दाखवून देण्याकडे, झुकतो.

पाश्चात्त्य बाजूस सॉक्रेटीसच्या संवादपद्धतीकडे किंवा रूसोच्या ‘एमिल’कडे (१७६२) बोट दाखवले जाते. शालेय वेळापत्रकात बसणारी पद्धती म्हणून तिचा विचार मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दिसतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांनी विद्यार्थ्याला शक्य तेवढे संशोधकाच्या जागी उभे करावे, असा आग्रह धरला. ‘शोधून काढणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलेला ‘ह्यूरिस्टिक’ हा शब्द त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. तो त्यांनी घडवला असे अनेक ठिकाणी छापले जाते; स्वतः आर्मस्ट्राँग त्याचे श्रेय मायकेलजॉन या प्राध्यापकांना देतात. आर्मस्ट्राँग यांच्या योजनेत मोजमापाला फार महत्त्व होते. तराजू हातात आल्यावाचून विज्ञानाचा पाठ सुरू होत नाही, अशी त्यांची धारणा होती.

अमेरिकेत जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा काढली. १९१० मध्ये त्यांनी विचारप्रक्रियेच्या पाच पायऱ्या मांडल्या : अडचण जाणवणे, ती नेमकी कोठे आहे हे ठरवणे, संभाव्य उत्तर सुचणे, त्या उत्तराचे परिणाम तर्काने ताडणे आणि अधिक निरीक्षण-प्रयोगाने ते स्वीकारणे किंवा सोडणे. विज्ञान तयार माहिती म्हणून शिकवले जाते, विचार करण्याची रीत म्हणून नाही, ही त्यांची तक्रार त्याच सुमाराची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ड्यूई तेथे अध्यापन करीत होते व त्यांच्या विचारांचा ठसा आंबेडकरांवर उमटला, हे मराठी वाचकांस परिचित आहे. विल्यम किलपॅट्रिक यांची प्रकल्प पद्धती (१९१८) याच घराण्यातील. १९५७ मध्ये सोव्हिएट रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाच्या सुधारणेला वेग आला. जेरोम ब्रूनर यांचा शोध-अध्ययनावरील लेख (१९६१) व जोसेफ श्वाब यांची विज्ञान हे अन्वेषण म्हणून शिकवण्याची मांडणी (१९६२) या काळातील आहे.

पातळ्या : श्वाब व पुढे हेरॉन (१९७१) यांनी वर्गातील प्रयोग किती मोकळा आहे यावरून त्याच्या पातळ्या ठरवल्या, बँची व बेल (२००८) यांनी त्या चार नावांनी रूढ केल्या. पडताळणीत प्रश्न, कृती व उत्तर तिन्ही आधी दिलेली असतात. संरचित शोधात उत्तर झाकलेले असते, मार्गदर्शित शोधात फक्त प्रश्न दिलेला असतो आणि मुक्त शोधात प्रश्नही मुलांचाच. शाळांतील बहुसंख्य ‘प्रयोग’ पहिल्या पातळीवरचे असतात. ‘अनुमान’ आधी लिहून मग ‘निरीक्षण’ भरलेली प्रयोगवही हा त्याचा सर्वपरिचित पुरावा होय.

पातळी कशी बदलते हे एका साध्या प्रयोगावरून स्पष्ट होईल. परासरण (पातळ द्रावणातले पाणी पटलातून दाट द्रावणाकडे जाणे) शिकवताना मनुका पाण्यात टाकतात, त्या फुगतात. मग त्या मिठाच्या दाट द्रावणात टाकतात, त्या आकसतात. निफाड-दिंडोरी भागात द्राक्षे व बेदाणा घरचाच असल्याने साहित्याची अडचण नसते. आता क्रम थोडा बदलला आणि कोरडा बेदाणा थेट मिठाच्या पाण्यात टाकला, तर मुलांची अपेक्षा असते की तो आणखी आकसेल. सकाळी पाहावे तर तो थोडाफार फुगलेला असतो! येथे वर्ग दोन तटांत विभागतो. ‘मीठ कमी पडलं’ असे एक म्हणतो, ‘वाटीच बदलली’ असे दुसरा. मीठ वाढवून, तळाशी न विरघळलेले मीठ उरेपर्यंत टाकून पुन्हा पाहिले तरी तोच कल दिसतो. कारण असे, की सुकलेल्या बेदाण्यात पाणी फार थोडे व साखर फार दाट असते. मिठाच्या संपृक्त द्रावणापेक्षाही तेथे पाण्याची ओढ अधिक असते. आधी साध्या पाण्यात फुगवलेल्या मनुकेत मात्र आतले द्रावण पातळ झालेले असते, म्हणून ती आकसते. तिसऱ्या वाटीत, मिठाच्याच पाण्यात, ताज्या द्राक्षाचा मणी टाकला आणि तोही आकसला की चित्र पुरे होते. ‘मीठ पाणी ओढते’ हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला ‘कोणापेक्षा जास्त?’ हा पुढचा प्रश्न सुचतो तो या टप्प्यावर. साध्या तराजूवर दहा-दहा बेदाणे आधी व नंतर तोलले तर वाद डोळ्यांवर न राहता आकड्यांवर येतो. आर्मस्ट्राँग यांना हे आवडले असते.

भारतातील प्रयोग : या पद्धतीचा देशातील सर्वांत मोठा शालेय प्रयोग म्हणून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा उल्लेख करावा लागतो. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत तो सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला. सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांत स्वस्त प्रयोगपेट्या, शिक्षकांच्या मासिक बैठका आणि पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा ही त्याची वैशिष्ट्ये होत. परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही, हे त्या गटाने आरंभीच ओळखले होते. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे (स्थापना १९७४) काम याच क्षेत्रातले, पण संशोधनाच्या अंगाने जाणारे आहे.

कायद्याच्या पातळीवर शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे अध्ययन व्हावे असे नमूद आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ व राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यांचाही रोख तोच.

महाराष्ट्र व नाशिक : महाराष्ट्रात ही पद्धती ‘ज्ञानरचनावाद’ (मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार) या नावाखाली शाळांत पोहोचली. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (शिक्षण विभागाच्या शाळागटातील) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर हा शब्द प्रत्येक शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत ऐकू येऊ लागला. त्याबरोबर फरशीवर रंगवलेले तक्ते, खडे व आइस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे वर्गात आले. साहित्य हाताळणे आणि शोध घेणे यांत अंतर आहे, हे या लाटेत बरेचदा विसरले गेले. पहिली-दुसरीच्या संख्याज्ञानासाठी काड्या उपयोगी आहेतच, पण दशकाचा गठ्ठा किती काड्यांचा हे आधीच ठरलेले असते.

नाशिक जिल्ह्याचा भूगोल या पद्धतीस अनुकूल आहे, तो त्यातील विरोधांमुळे. इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. प्लॅस्टिकची बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी दोन तालुक्यांतील शाळांनी एकमेकींना पाठवल्या, तर ‘एकाच जिल्ह्यात असं का?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा लागत नाही. नाशिक शहरात मराठी माध्यमाची आनंद निकेतन ही प्रयोगशील शाळा या दृष्टीने उल्लेखनीय आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९, मुख्यालय नाशिक) सेवेतील शिक्षकांसाठी मराठीतून बी.एड. अभ्यासक्रम चालवला. सुरगाणा, पेठ, कळवण भागांतील आश्रमशाळांत व जिल्हा परिषद शाळांत भाषेचा मुद्दा पुढे येतो. घरी कोकणा बोलणारे मूल पुस्तकी मराठीत गप्प बसते. त्याला अंदाज बांधायचा व तो खोडायचा असेल तर ती चर्चा आधी त्याच्या बोलीत व्हावी लागते, नोंद नंतर प्रमाण मराठीत झाली तरी चालते.

इतिहास विषयात शोधाधारित पाठ कमी आढळतात. नाशिकचे नाव हा त्यासाठी तयार विषय आहे. शूर्पणखेच्या नासिकेवरून, नऊ शिखरांवरून, अशा दोन व्युत्पत्ती जवळपास प्रत्येक घरात सांगितल्या जातात. पांडवलेणी (त्रिरश्मी) येथील १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळातील ब्राह्मी लेख असून त्यात लेणे करविणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ‘नासिककेन’ (नाशिकच्या रहिवाशाने) असा शब्द आला आहे. या राजाचा काळ इ. स. पू. पहिल्या शतकात मानण्याकडे अनेकांचा कल आहे, काही तो आणखी मागे नेतात. वर्गाने येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकावे. लेखावरून नाव तेव्हा रूढ होते एवढेच कळते. ते का पडले हे कळत नाही. कथेवरून नाव आले की नावावरून कथा चिकटली, हे लेख सांगत नाही. ‘नवशिखर’वरून ‘नासिक’ हे रूप घडण्यास बरेच ध्वनिबदल मानावे लागतात, म्हणून ती व्युत्पत्ती तुलनेने दुबळी वाटते. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेमुळे (स्थापना १९८०) नाण्यांच्या पुराव्याचाही असाच पाठ घेता येतो.

आक्षेप : किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली. नवशिक्याची कार्यस्मृती (एका वेळी मनात धरून विचार करण्याची क्षमता) तोकडी असते. तिच्यावर शोधाचाही भार टाकला तर शिकायला जागा उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मेयर (२००४) यांनी मार्गदर्शनाविना शोधाचा आग्रह दर काही दशकांनी नव्या नावाने परत येतो व पुन्हा फसतो, असे दाखवले. मेलो-सिल्व्हर व सहकारी (२००७) यांचे उत्तर असे, की शोधाधारित अध्यापनात मार्गदर्शन भरपूर असते. टीकाकारांनी ते ‘मोकळे सोडणे’ समजून झोडपले. अल्फिएरी व इतरांच्या २०११ मधील, अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहणाऱ्या संकलित विश्लेषणाने वादाची दिशा बरीचशी ठरवली : आधाराविना शोध थेट अध्यापनापेक्षा कमी पडतो, आधारासह शोध सरस ठरतो. बेदाण्याच्या पाठातही शिक्षकाने तिसरी वाटी योग्य वेळी पुढे सरकवली नसती, तर वाद मिठाच्या चमच्यांवरच अडकला असता.

मूल्यमापन : महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी आकारिक (शिकत असतानाच चालणाऱ्या) मूल्यमापनाची आठ साधनतंत्रे आहेत. त्यांत दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम व प्रकल्प येतात. कागदावर ही योजना शोधाला पोषक आहे. प्रत्यक्षात द्विशिक्षकी शाळेत चार इयत्तांचा पट सांभाळून नोंदी ठेवायच्या असल्याने नोंदवहीत ‘प्रश्न विचारतो’, ‘प्रयोगात भाग घेतो’ अशी ठरीव वाक्ये उतरतात; मुलाने कोणता प्रश्न विचारला ते तेथे लिहिलेले नसते. नववी-दहावीत विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला स्वतंत्र गुण आहेत, पण प्रयोगांची यादी व त्यांची अपेक्षित अनुमाने आधीच छापलेली असतात.