मानसशास्त्रातील सवेतन पीएचडी: अर्ज कुठे, कधी आणि कोणत्या कागदांनिशी

मानसशास्त्रात फी न भरता, उलट दरमहा पैसे मिळवत पीएचडी करता येते. पण जाहिरात असते नोकरीची आणि उमेदवार तिला प्रवेशाचा अर्ज समजून कागद जोडतो, तिथेच बरेच अर्ज फसतात. म्हणून जाहिरात उघडली की आधी पैसा कुणाचा आहे ते शोधा. पात्रता, कागदपत्रे आणि तारखा त्यावरच ठरतात.

नेदरलँड्स, जर्मनी, स्कँडिनेव्हिया इथे पीएचडी ही बहुधा नोकरीच असते. प्राध्यापकाला प्रकल्पासाठी निधी मिळालेला असतो, विषय आणि पद्धत आधीच ठरलेली असते. नेदरलँड्समध्ये करार साधारण ४ वर्षांचा. जर्मनीत पगार टीव्ही-एल ई१३ (राज्य सरकारी वेतनपट्टीतील एक श्रेणी) श्रेणीचा, पण पद बऱ्याचदा पूर्णवेळेच्या ६५ टक्क्यांचे असते (काम मात्र ६५ टक्क्यांत थांबेलच असे नाही). अशा पदासाठी स्वतःचा वेगळा संशोधन आराखडा पाठवला, तर जाहिरात नीट वाचली नाही एवढेच सिद्ध होते. ब्रिटनमध्ये बहुतेक विद्यावेतन असते, ३ ते ४ वर्षांचे. तिथे ठरलेल्या विषयाच्या जागाही असतात आणि स्वतःचा आराखडा मागणाऱ्याही. अमेरिकेत प्रवेश आणि निधी एकत्रच येतात: फी माफ, शिवाय अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या बदल्यात मानधन. ५ वर्षे किंवा जास्त लागतात आणि मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. युरोपातल्या नोकरीवजा जागा मात्र वर्षभर निघत राहतात, कधी जेमतेम ३-४ आठवड्यांच्या मुदतीने.

युरोपीय महासंघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या सवेतन पीएचडीच्या योजनेला कोणत्याही देशाचा नागरिक चालतो. अट वेगळीच आहे: नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात रुजू व्हायचे तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य किंवा मुख्य काम-शिक्षण झालेले नसावे, आणि आधीची डॉक्टरेट नसावी. त्या देशात नुकतीच २ वर्षांची मास्टर्स केली असेल तर तिथली जागा सोडून शेजारच्या देशातली बघा. या जागा युरॅक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर लागतात.

युरोपात मास्टर्स जवळपास सगळीकडे लागते, अमेरिकेत अनेक विभाग फक्त पदवीवरही घेतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी सोडली आहे. प्रत्येकाचे पान तपासा.

क्लिनिकल, म्हणजे रुग्णोपचाराच्या, मानसशास्त्राचा घोळ मोठा आहे. ब्रिटनमध्ये मानसशास्त्राची पीएचडी झाली म्हणून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. ती उपाधी कायद्याने राखीव आहे आणि तिच्यासाठी वेगळी व्यावसायिक डॉक्टरेट असते. अमेरिकेत सायडी (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही पदवी व्यवसायाकडे झुकलेली, आणि तिच्यासाठी निधी क्वचितच मिळतो. रुग्ण पाहायचे आहेत की संशोधन करायचे, हे अर्जाआधीच ठरवावे.

आता कागद. सीव्ही, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, उद्देशपत्र, २ किंवा ३ शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि बहुधा प्रबंधाचा सारांश. गुणपत्रिकेवर नुसते ‘प्रगत पद्धती २’ असेल तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. अर्ध्या पानाची पुरवणी जोडा: संख्याशास्त्राचे कोणते घटक शिकलात, किती तास, कोणते सॉफ्टवेअर, आणि गुणांची पट्टी कशी आहे. ‘७० टक्के’ हे काही विद्यापीठांत उत्तम असतात, काहींत बेताचे. पट्टी न दिल्यास वाचणारा आपलाच अर्थ लावतो. अंतिम निकाल बाकी असेल तर पदवी कधी मिळेल त्याचे विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र लावा.

उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून माणसाच्या मनाचे कुतूहल आहे’ हे वाक्य इतक्या अर्जांत असते की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी असे लिहा: ‘प्रबंधासाठी ८४ जणांवर स्ट्रूप चाचणी घेतली, प्रतिसादाच्या वेळा आर या सॉफ्टवेअरमध्ये मिश्र प्रतिमानाने तपासल्या. अपेक्षित फरक दिसला नाही. नमुना लहान होता, आणि पुढच्या वेळी तो आधीच मोजून ठरवीन.’ यातून कौशल्य, प्रामाणिकपणा आणि पद्धतीची जाण एकदम दिसते. नकारात्मक निकाल लपवणारा अर्ज उलट संशयास्पद वाटतो. मग जाहिरातीतल्या प्रकल्पाशी तुमचे काम कुठे जुळते ते दोन वाक्यांत सांगा. पत्र १ पानाचे असावे, फार तर दीड.

शिफारसपत्रांत घात होतो तो तारखांमुळे. काही पोर्टलवर अर्ज ‘सबमिट’ केल्यावरच शिफारसकर्त्याला दुवा जातो. शेवटच्या रात्री अर्ज दाबला तर सरांना पहाटे मेल मिळतो, तोही कधी स्पॅममध्ये. ४ आठवडे आधी सांगा, सोबत सीव्ही, प्रबंध आणि जाहिरातीचा दुवा द्या. खासगी मेलपत्त्यावरून आलेले पत्र अनेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत, विद्यापीठाचाच पत्ता भरा.

मार्गदर्शकाला आधी मेल करायचा का? अमेरिकेत जिथे एकाच मार्गदर्शकाकडे प्रवेश होतो तिथे करावा, पण ‘यंदा विद्यार्थी घेणार का’ याचे उत्तर प्रयोगशाळेच्या पानावर असते, ते आधी वाचा. १५० शब्द पुरे. युरोपातल्या जाहिरातीत दिलेला मेल शंकांसाठी असतो. त्यावर अर्ज पाठवला तर तो मोजत नाहीत.

जागा मिळाल्यावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: पैसे किती महिने मिळणार, परिषद आणि प्रयोगातील सहभागींच्या मानधनाचा खर्च कोण देणार, आणि परदेशी विद्यार्थ्याची जादा फी कुणाच्या माथी. काही विद्यावेतनांत फी स्थानिक दरानेच भरली जाते आणि उरलेला फरक विद्यार्थ्यावर येतो. अमेरिकेत निधीसह आलेल्या प्रस्तावाला बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला मुभा देतात. त्याआधी घाई करणाऱ्या विभागाला या तारखेची आठवण नम्रपणे करून देता येते.