प्री-६५ ट्रायल्स (जुन्या मोटरसायकलींची ट्रायल्स स्पर्धा)

प्री-६५ ट्रायल्स म्हणजे १९६५ च्या आधीच्या डिझाइनच्या बाइक घेऊन दगडधोंडे, ओढे, चिखल आणि चढ यातून पाय न टेकता जायची स्पर्धा. ही रेस नाही, हे आधी डोक्यात पक्कं करायचं, कारण बाइकची स्पर्धा म्हटलं की आपल्याला स्पीडच आठवतो आणि इथे बाइक माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते, कधी त्याहून हळू. खेळ मुळात ब्रिटनचा, आणि यॉर्कशायर, वेल्स, स्कॉटलंड इथल्या डोंगराळ भागात आजही जोरात चालतो.

रस्त्यात ठरावीक अवघड तुकडे आखलेले असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. दोन्ही बाजूंना खुणा, सुरुवातीला आणि शेवटी पाटी, आणि प्रत्येक सेक्शनवर एक ऑब्झर्व्हर वही घेऊन उभा. पाय एकदाही न टेकता बाहेर पडलात तर शून्य, म्हणजे क्लीन. एकदा टेकला तर एक मार्क, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी तीनच, आणि पडलात, खुणांच्या बाहेर गेलात किंवा सेक्शन पूर्ण झालाच नाही तर पाच. शेवटी ज्याचे मार्क सगळ्यात कमी तो जिंकला. थांबलेलं चालतं का, दुसऱ्या डॅबला (म्हणजे पाय टेकण्याला) किती, हे नियम काळाप्रमाणे आणि क्लबप्रमाणे बदलत आलेत, पण गाभा हाच.

रायडर पूर्ण वेळ फूटरेस्टवर उभा असतो, सीट जवळजवळ नावालाच. मागच्या टायरमध्ये हवा इतकी कमी, चार-पाच पीएसआय, की टायर दगडावर पसरून त्याला धरतो. जुन्या लाँग स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिनला जड फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं जड चाक) असतं, त्यामुळे अगदी कमी आरपीएमलाही इंजिन बंद न पडता ठक-ठक ओढत राहतं, आणि एका पॉवर स्ट्रोकपासून दुसऱ्यापर्यंत जो किंचित वेळ मिळतो त्यात टायर पुन्हा पकड घेतो. ओल्या दगडावर याचा फायदा केवढा होतो ते बघूनच कळतं. बऱ्याच जुन्या बाइकवर इग्निशन पुढे-मागे करायची लिव्हर हँडलवरच असते, ती थोडी मागे घेतली की इंजिन आणखी मऊ चालतं. तीव्र वळणावर बाइक आत झुकवायची आणि स्वतःचं वजन बाहेरच्या पायावर टाकायचं, क्लच एका बोटावर, थ्रॉटल जेमतेम उघडा. ताकदीने हे होत नाही, आणि म्हणूनच साठी-सत्तरीतले रायडर इथे तरुणांच्या बरोबरीने उतरतात.

मोठ्या स्पर्धा आधीपासूनच होत्या. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल १९०९ पासूनची, आणि स्कॉट ट्रायल १९१४ ची, ती आल्फ्रेड स्कॉट यांनी आपल्याच कारखान्यातल्या लोकांसाठी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर एजेएस, मॅचलेस, एरियल, नॉर्टन, बीएसए, ट्रायम्फ, रॉयल एनफिल्ड या सगळ्या कंपन्या आपापल्या टीम उतरवायच्या, कारण इथे जिंकलेली बाइक दुकानात खपायची. १९६१ च्या सिक्स डेजमध्ये गॉर्डन जॅक्सन यांनी एजेएसवर सहा दिवसांत फक्त एक मार्क गमावला, म्हणजे एवढ्या सगळ्या सेक्शनमध्ये एकच डॅब. मला तरी या खेळातला याहून मोठा पराक्रम माहीत नाही.

मग ६५ हीच रेघ का? बेलफास्टचे सॅमी मिलर तेव्हा ५०० सीसी एरियल एचटी५ वर (नंबर जीओव्ही १३२) सगळ्यांना हरवत होते. १९६४ च्या अखेरीस ते स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेले, तिथे बसून हलकी टू-स्ट्रोक २५० सीसी शेर्पा तयार करून घेतली आणि १९६५ ची सिक्स डेज तिच्यावर जिंकले. त्यानंतर जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकला काही चान्स उरला नाही, मागोमाग माँटेसा आणि ओसा आल्या आणि काही वर्षांत सगळं मैदान स्पॅनिश बाइकनी भरलं. म्हणजे ही रेघ नेमकी एक जमाना संपतो तिथेच पडते.

आपल्याकडच्या बुलेटवाल्यांना यातली एक गोष्ट माहीत असायलाच हवी. स्विंगिंग आर्म सस्पेन्शनची ३५० बुलेट पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८ च्या कोलमोर कप ट्रायलमध्येच, आणि पुढे जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ ची सिक्स डेज जिंकली. १९५५ पासून मद्रासला जी बुलेट बनायला लागली ती याच घराण्यातली. २०१९ मध्ये कंपनीने त्या आठवणीत बुलेट ट्रायल्स नावाचं मॉडेल भारतात काढलं, पण ती दिसायला ट्रायल्स आणि वागायला रोडचीच बाइक होती, थोड्याच काळात बंदही झाली.

या जुन्या बाइकची सगळ्यात मानाची स्पर्धा स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेव्हन गावात होते, सिक्स डेजच्या अगदी आधी. गावात पूर्वी अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना होता, त्याच्या वीजघरासाठी डोंगरावरून पाण्याचे जाड पाइप खाली आणले होते, त्या पाइपांच्या कडेचा सुटे दगड असलेला उभा चढ म्हणजे पाइपलाइन हा प्रसिद्ध सेक्शन. खालून गती घेऊन निघालं नाही तर मध्येच बाइक अडते, आणि जास्त गती घेतली तर पहिल्याच मोठ्या दगडावर पुढचं चाक उडून रेघेबाहेर जातं. प्रेक्षक दोन्ही बाजूंना दाटीने उभे असतात आणि कोणी क्लीन गेला की टाळ्या.

सध्याचं खरं भांडण बाइक किती जुनी यावर आहे. बरेच जण ट्रायम्फ टायगर कब किंवा बीएसए बँटम घेऊन त्याला नवी फ्रेम, टायटॅनियमचे बोल्ट, जुन्या फोर्कच्या आत आधुनिक पार्ट असं सगळं घालतात, बाहेरून १९६० ची आणि आतून कालची. असल्या बाइकचा खर्च नव्या ट्रायल्स बाइकपेक्षाही जास्त होऊ शकतो. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीआधी स्क्रूटिनी, म्हणजे बाइकची तपासणी, होते आणि न बसणारी बाइक परत पाठवतात, आणि हे कडकच असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जड बाइक सांभाळणं हाच तर या वर्गातला कस आहे, तो काढला तर नुसतं जुन्या टाकीचं कवच राहतं. ज्यांना थोडी हलकी पण जुनीच बाइक हवी त्यांच्यासाठी ट्विनशॉक हा वेगळा वर्ग आहे, त्यात मागे दोन शॉक अ‍ॅब्झॉर्बर, एअर-कूल्ड इंजिन आणि ड्रम ब्रेक असलेल्या बाइक येतात, मुख्यतः सत्तरच्या दशकातल्या आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या, आणि मिलर यांची शेर्पा ज्या वंशाची त्याच्या पुढच्या पिढ्या आज तिथे धावतात.